सल्ला विकत घेताना : जालन्याच्या उद्योगांपुढचा प्रश्न

जालना जिल्ह्याचे नाव बाहेर दोन धंद्यांनी नेले, बियाणे आणि सळई. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि जालना शहर देशातल्या बियाणे व्यवसायाचे एक केंद्र झाले. पुढे औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल वाढत गेल्या, जालन्याची टीएमटी सळई मराठवाड्याबाहेरही विकली जाऊ लागली. त्यांच्या जोडीला डाळमिल, जिनिंग, मोसंबीचा व्यापार, 2018 पासूनची रेशीम कोषांची बाजारपेठ आणि अलीकडे तालुक्यातालुक्यांत निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. यांतल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा बाहेरच्या जाणकाराची गरज पडते. पण ‘कन्सल्टंट’ म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ती फाइल : कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, सबसिडीचा प्रस्ताव, आयएसआयचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती. कारखान्यात उभे राहून काम कसे चालते ते पाहणारा, त्यात काय बदलावे ते सांगणारा आणि त्यासाठी फी घेणारा माणूस फारसा कोणाला आठवत नाही. फाइल करून देणे आणि धंदा सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच सल्लागारांबद्दलची बरीचशी निराशा निर्माण झाली आहे. शिवाय उपलब्ध पुरावा पाहिला तर सल्लागाराच्या हुशारीइतकेच, किंबहुना अधिक, वजन तीन गोष्टींना दिसते : मालकाने प्रश्न कसा मांडला, स्वतःचा वेळ किती दिला आणि सल्लागार गेल्यावर काम कोणाच्या हाती सोपवले.

ही सरमिसळ कशी झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लहान उद्योगांना सल्ला मिळावा ही कल्पना आपल्याकडे मुख्यतः सरकार आणि वित्तसंस्था यांच्याकडून आली. 1978 साली जिल्हा उद्योग केंद्रांची योजना सुरू झाली. आयडीबीआय, आयसीआयसीआय यांसारख्या संस्थांनी राज्याराज्यांत तांत्रिक सल्ला संस्था काढल्या, त्यांतली महाराष्ट्राची ‘मिटकॉन’ 1982 ची. उद्योजकता प्रशिक्षणासाठी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1988 साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभे राहिले. या संस्थांनी मागास भागांत उद्योगाचे बीज टाकले हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग कर्ज आणि प्रकल्प अहवाल यांच्याभोवती होता, कारण पैसा देणाऱ्याला अहवाल हवा होता. त्यामुळे सल्ला म्हणजे बँकेच्या टेबलावर ठेवायचा कागद, ही समजूत उद्योजकांच्याही अंगवळणी पडली. अहवालात विक्री दरवर्षी वाढताना दाखवायची, नफा हप्त्याला पुरेल इतका काढायचा, आणि कर्ज मंजूर झाले की तो अहवाल पुन्हा उघडायचा नाही, अशी त्याची गत होते. ज्या कागदावर उद्योगाचा विचार व्हायला हवा होता, तो उद्योग सुरू होताच निरुपयोगी ठरतो.

मोबदल्याची रीत या समजुतीला आणखी पक्की करते. सबसिडीच्या किंवा कर्जाच्या टक्केवारीवर फी ठरली की दोघांनाही ती न्याय्य वाटते : काम झाले तरच पैसे, मग तक्रार कसली? पण टक्केवारी घेणाऱ्याचे हित प्रकल्प मोठा होण्यात असते, प्रकल्प चालण्यात नव्हे. गरजेपेक्षा मोठे यंत्र, अर्धी रिकामी राहणारी शेड आणि झेपणार नाही इतका हप्ता या तिन्हींमुळे सल्लागाराची फी वाढते आणि मालकाचा धोकाही वाढतो. सनदी लेखापालांना नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निष्कर्षावर अवलंबून असलेली फी घेण्यास 1949 च्या कायद्याने काही अपवाद वगळता मनाई केली आहे, ती याच कारणासाठी. ‘बिझनेस कन्सल्टंट’ अशी पाटी लावायला मात्र कोणताही परवाना, परीक्षा वा नोंदणी लागत नाही, त्यामुळे तसे बंधनही नाही. सरकारी योजनांनी यातून धडा घेतलेला दिसतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. अर्जदाराला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला मात्र टक्केवारी नाही, प्रत्येक लाभार्थ्यामागे 20,000 रुपये ठरलेले आहेत. त्यातलेही निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर आणि निम्मे आवश्यक नोंदण्या, अन्न सुरक्षा मानकांची पूर्तता वगैरे झाल्यावर. ही रचना टक्केवारीपेक्षा नक्कीच शहाणी आहे. तरी तीही नोंदणीपाशीच थांबते. मोसंबीचा रस काढणारे यंत्र दुसऱ्या हंगामात चालू आहे की त्यावर ताडपत्री पडली आहे, याच्याशी कोणाचाच मोबदला बांधलेला नसतो.

मग फाइलपलीकडच्या सल्ल्याने खरोखर काही साधते का? याचा भक्कम पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीवरून आला आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि गुजरातच्या सीमेवरील उमरगाव परिसरातल्या 17 कापड कंपन्यांच्या 28 कारखान्यांवर एक प्रयोग केला. त्याचा निबंध 2013 साली प्रसिद्ध झाला. सगळ्या कारखान्यांची महिनाभर पाहणी झाली, त्यांतल्या काहींना पुढे चार महिने एका आंतरराष्ट्रीय कंपनीच्या सल्लागारांनी प्रत्यक्ष सुधारणा करून दिल्या, आणि दोन्ही गटांची तुलना केली गेली. सल्ला कोणता होता, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. नवे यंत्र नाही, परदेशी तंत्रज्ञान नाही. कापडातले दोष रोज लिहा आणि सकाळी बसून वाचा, सुताचा साठा मोजा, यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता देखभाल करा, कोणाचे काम कोणते ते ठरवा. अशा 38 साध्या सवयींतून पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. इतक्या साध्या गोष्टी मालकांनी आधीच का केल्या नव्हत्या? संशोधकांचे उत्तर असे की काही त्यांना ठाऊक नव्हत्या, आणि ज्या ठाऊक होत्या त्यांनी फायदा होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आजूबाजूचे सगळेच तसे चालवत होते, म्हणून आपले बरे चालले आहे असे प्रत्येकाला वाटत होते.

याच प्रयोगातल्या दोन कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी जालन्यासाठी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली, सल्ला फुकट होता, तरी संपर्क केलेल्या 66 कंपन्यांपैकी निम्म्यांनीच रस दाखवला आणि वरिष्ठांचा वेळ देण्याची तयारी अवघ्या 17 जणांनी दाखवली. म्हणजे सल्ल्याची खरी किंमत फी नाही, मालकाचा वेळ आहे. दुसरी, त्या कंपन्या किती मोठ्या होतात हे घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर ठरत होते. जितके भाऊ आणि मुलगे, तितके कारखाने, कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर भरवसा नव्हता. आकडे रोज समोर येऊ लागले तेव्हा हा भरवसा थोडा वाढला आणि मालक निर्णय खाली सोपवू लागले. ज्यांनी जालन्यातले कुटुंबांचे कारखाने पाहिले आहेत त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. खरेदी मोठ्या भावाकडे, बँक धाकट्याकडे, आणि पाळी संपताना भट्टीवर काय झाले ते फोनवरून. अशा घरात बाहेरचा सल्लागार उपयोगी पडतो तो ज्ञानाइतकाच एका तटस्थ आकड्यामुळे. भावाने सांगितले तर तो आरोप ठरतो, नोंदवहीने सांगितले तर त्यावर बोलता येते.

पुरावा एकाच बाजूचा नाही, हेही सांगितले पाहिजे. हेच संशोधक 2017 मध्ये त्या कारखान्यांकडे परत गेले तेव्हा अंगीकारलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, आणि त्यामागे कारखान्याचा व्यवस्थापक बदलणे आणि संचालकांना वेळ नसणे ही कारणे ठळक होती. तरीही सल्ला घेतलेले कारखाने न घेतलेल्यांच्या पुढेच होते. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात 432 लहान-मध्यम उद्योगांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर, आठवड्याला चार तास सल्लागार मिळालेल्यांची उत्पादकता वाढली आणि पाच वर्षांनी त्यांच्याकडे कामगारही अधिक होते. उलट घानात अक्राच्या शिंप्यांना दिलेल्या सल्ल्याचा टिकाऊ लाभ दिसला नाही. त्यांनी काही काळ नव्या रीती पाळल्या आणि मग जुन्याच बऱ्या म्हणून त्या सोडल्या. यातून एक मर्यादा स्पष्ट होते. एकट्या माणसाच्या दुकानात विस्कळीतपणा फारसा नसतो, कारण सगळे त्याच्या डोळ्यांपुढेच असते. जिथे पाळ्या आहेत, साठा आहे, पाच-पन्नास माणसे आहेत आणि मालकाला सगळे दिसत नाही, तिथे व्यवस्थापनाचा सल्ला फळतो. किराणा दुकानदाराने किंवा नव्या पापड उद्योगाने मोठी फी देऊन व्यवस्थापन सल्लागार नेमू नये. त्याला हिशेब लिहिणारा आणि माल विकून देणारा माणूस जास्त उपयोगी. नायजेरियातल्या एका अभ्यासातही हिशेब आणि विपणन यांसाठी माणूस ठेवणे किंवा ती कामे बाहेर देणे हे सल्लागाराइतकेच परिणामकारक आणि निम्म्या खर्चाचे ठरले.

आता जालन्याच्या भट्टीकडे येऊ. भंगार वितळवून पोलादाचा एक टन करायला इंडक्शन भट्टीला साधारण सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते, आणि भंगाराखालोखाल विजेचे बिल हाच सर्वांत मोठा खर्च. अशा ठिकाणी ‘आमचा धंदा वाढवून द्या’ असा प्रश्न सल्लागारापुढे ठेवला तर उत्तरादाखल चकचकीत सादरीकरण मिळेल. ‘एकाच भट्टीवर दोन पाळ्यांच्या टनामागच्या विजेत फरक का पडतो’ असे विचारले तर काम मिळेल. समजा दिवसाला 200 टनांच्या कारखान्यात टनामागे 20 युनिट वाचले. ते दिवसाला 4,000 युनिट होतात. सात रुपये दर धरला तरी रोजचे 28,000 आणि 300 दिवसांचे 84 लाख रुपये. ही बचत कुठून येऊ शकते हेही गूढ नाही : भंगाराची प्रतवारी, भट्टी भरण्याचा वेग, झाकण उघडे राहण्याचा काळ, ओतण्यासाठी थांबलेला रस, बिलेट थंड होऊ न देता रोलिंगला नेणे. यासाठी माणूस निवडतानाही कसोटी उपलब्ध आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो परीक्षा घेऊन ऊर्जा लेखापरीक्षकांना प्रमाणपत्र देतो, आणि पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 2004 पासून रि-रोलिंग मिलमधील ऊर्जा बचतीचा प्रकल्प राबवला होता, त्यामुळे या क्षेत्रातले काम नवखे नाही. पण लेखापरीक्षकाच्या अहवालाचीही फाइल होऊ शकते. टीएमटीच्या आयएस 1786 मानकासाठी ठेवलेली चाचण्यांची नोंदवही केवळ तपासणीला दाखवण्यापुरती भरली, तर तिचा कारखान्याला उपयोग शून्य. तीच रोज वाचली, तर कोणत्या भंगाराने सळई ठिसूळ होते हे मालकाला फी न देता कळते.

म्हणून करार करताना अपेक्षांचा हिशेब मालकाने आधी मांडावा. सुरुवातीला पंधरा-वीस दिवसांची पाहणी, तिची वेगळी आणि ठरावीक फी, आणि शेवटी पुढे जायचे की नाही याचे स्वातंत्र्य, ही पहिली पायरी. पाहणीआधीचे आकडे दोघांनी सही करून ठेवावेत, नाहीतर सहा महिन्यांनी काय सुधारले यावर वाद होतो. त्यात भंगाराचे भाव पडल्यामुळे वाढलेला नफा सल्लागार आपला म्हणतो आणि मंदीमुळे घटलेला मालक त्याच्या माथी मारतो. फी टप्प्याटप्प्याने, अहवालाच्या पानांवर नाही तर अंमलात आलेल्या बदलांवर द्यावी. बचतीत वाटा ठरवायचाच असेल तर तो टनामागच्या युनिटसारख्या बाजारभावाशी संबंध नसलेल्या मापावर असावा. पहिल्या भेटीला अनुभवी भागीदार आणि नंतर महिनाभर नुकता पदवी घेतलेला मुलगा, ही तक्रार टाळायची तर कारखान्यात प्रत्यक्ष कोण किती दिवस येणार हे नावानिशी लिहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे, कारखान्यातला एक माणूस पहिल्या दिवसापासून सल्लागाराबरोबर असावा आणि तोच पुढे त्या कामाचा धनी व्हावा. व्यवस्थापक बदलला की सवयी सुटतात हे तारापूरने दाखवले, तेव्हा शिकलेला माणूस एकच असेल तर तोही धोकाच, दुसरा तयार हवा. हा धडा जुनाच आहे. पोलाद उद्योगातला सुरुवातीच्या काळातला नामांकित सल्लागार फ्रेडरिक टेलर 1898 मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम कारखान्यात आला. धातू कापण्याच्या पोलादात त्याने तिथे मोठी सुधारणा घडवली. तरी व्यवस्थापकांशी बिनसल्याने 1901 मध्ये त्याला जावे लागले. कारखान्यातली माणसे बरोबर नसतील तर खरा सल्लाही टिकत नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे सल्लागार मालकाने निवडलेला नसतो. 2020 च्या 10,000 कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत या कंपन्या उभ्या करायला समूह आधारित व्यवसाय संस्था नेमल्या गेल्या. अशा संस्थेला एका कंपनीमागे पाच वर्षांत कमाल 25 लाख रुपये मिळू शकतात, तर कंपनीला स्वतःच्या व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख. म्हणजे हात धरणाऱ्याचा वाटा चालणाऱ्यापेक्षा मोठा. हे मुळात चूक म्हणता येणार नाही. किमान 300 सभासद गोळा करणे, नोंदणी, लेखे, बाजार जोडणे हे काम भोकरदन किंवा मंठ्याच्या शेतकऱ्यांनी एकट्याने करावे अशी अपेक्षा अवाजवी ठरेल. पण सल्ला देणारी संस्थाच हिशेब लिहिते, तीच ठराव तयार करते, पासवर्डही तिच्याच माणसाकडे, अशी स्थिती आली की पाचव्या वर्षी कंपनी पोरकी होते. यावर उपाय संचालकांच्याच हातात आहे. दरवर्षी एक काम संस्थेकडून आपल्याकडे घ्यायचे आणि तसा ठराव वार्षिक सभेत वाचून दाखवायचा : पहिल्या वर्षी रोजकीर्द, दुसऱ्या वर्षी खरेदी-विक्रीचे करार, तिसऱ्या वर्षी बँकेशी बोलणी. निघून जाण्याची तारीख आधीच ठरलेला सल्लागार शिकवतो, तारीख नसलेला स्वतःची गरज वाढवत राहतो.

या सगळ्यावर जालन्यातला जाणता उद्योजक तीन आक्षेप घेईल. पहिला, बाहेरच्याला आमच्या धंद्यातले काय कळणार? भंगाराच्या ढिगाकडे नजर टाकून घट किती जाईल हे सांगणारा माणूस कोणत्याही पदवीधरापेक्षा मोठा, हे खरेच आहे. पण ते ज्ञान एका डोक्यात असते आणि त्या माणसाच्या सुट्टीबरोबर सुट्टीवर जाते. चांगला सल्लागार त्याला शिकवायला येत नाही, त्याच्याकडचे ज्ञान नोंदीत उतरवायला येतो. शिवाय बियाण्यांचा धंदाच या आक्षेपाला उत्तर देतो. बारवाले यांनी सुरुवात केली ती दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या पुसा सावनी भेंडीच्या बियाण्याने, आणि पुढे शास्त्रज्ञांचे ज्ञान त्यांनी जालन्याच्या शेतकऱ्यांच्या हातातून बीजोत्पादनात आणले. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्याच कामाचा गौरव होता. बाहेरचे ज्ञान त्यांनी घेतले, पण निर्णय आणि अंमल स्वतःकडे ठेवला. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण सल्ला न ऐकण्यासाठी वापरली जाते. तिचा पहिला अर्धा भागही तितकाच बंधनकारक आहे.

दुसरा आक्षेप गुपिताचा. एकाच वसाहतीत शेजारी शेजारी स्पर्धक असताना आज माझ्या कारखान्यात फिरणारा माणूस उद्या पलीकडच्या गेटातून आत जाईल, ही भीती खोटी नाही. तिच्यासाठी गोपनीयतेची आणि ठरावीक काळ स्पर्धकाकडे काम न घेण्याची अट करारात असावी, आणि भाव, ग्राहक, उधारी यांची माहिती कामाला लागत नसेल तर देऊच नये. मात्र झाकण किती वेळ उघडे राहते किंवा देखभाल कधी करायची हे गुपित नाही, ते जगभर छापलेले ज्ञान आहे. अशा विषयांत लपवण्यापेक्षा मिळून शिकण्यात फायदा जास्त, आणि तिसऱ्या आक्षेपाचे, म्हणजे खर्चाचे, उत्तरही तिथेच सापडते. कोलंबियात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना एकेकट्याने आणि गटाने सल्ला देऊन तुलना झाली. गटाचा खर्च सुमारे एक तृतीयांश आणि व्यवस्थापनातली सुधारणा जवळपास सारखीच निघाली. केंद्र सरकारच्या लघुउद्योगांसाठीच्या लीन योजनेची नवी आवृत्ती मार्च 2023 मध्ये आली. तिच्यात सल्ला आणि अंमलबजावणीच्या खर्चातला 90 टक्के वाटा सरकार उचलते. ‘झेड’ (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) प्रमाणपत्र योजनेतही सल्ल्यासाठी मदतीची तरतूद आहे. जालन्यातल्या सात-आठ मिलनी किंवा डाळमिलनी एकत्र येऊन एक सल्लागार वर्षभर नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आवाक्यात येईल. अडचण पैशाची नाही, शेजाऱ्याबरोबर एका टेबलाशी बसण्याची आहे, आणि ती उद्योजकांच्या संघटनांनीच सोडवायची आहे.

तेव्हा सल्लागार नेमावा का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. कर्ज, परवाना, नोंदणी यांसाठी माणूस हवा असेल तर तो जरूर ठेवावा, पण त्याला ठरावीक फी द्यावी आणि त्याच्या अहवालातली विक्री स्वतःला पटल्याशिवाय सही करू नये. प्रकल्प तोट्यात गेला तर हप्ता सल्लागार भरणार नसतो. धंद्याच्या आतला सल्ला हवा असेल तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : नेमका कोणता आकडा बदलायचा, आठवड्यातून किती तास स्वतः बसणार, आणि तो गेल्यावर हे काम कोण बघणार. यातली एकही ओळ लिहिता येत नसेल, तर सल्लागार शोधण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि फी वाचवणे हाच त्या घडीचा सर्वांत चांगला सल्ला. तिन्ही लिहिता आल्या, तर साधा, स्थानिक, मध्यम फीचा जाणकारही पुरेसा होतो, कारण कामाचा अवघड भाग मालकाने आधीच केलेला असतो.